पोपटीवरून सुचलेला बैठा मेज: मडक्याचा आकार घ्यावा की बसण्याची रीत?

प्रश्न: कच्चा आराखडा

मी फर्निचर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला प्रकल्पासाठी एखाद्या प्रदेशातला, माणसे एकत्र बसून खातात असा पदार्थ निवडून त्यावरून बसण्या-जेवण्याचे साधन घडवायचे आहे. मी रायगड जिल्ह्यातली पोपटी निवडली. ज्यांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल येतो आणि थंडीत त्याच्या शेंगा भरतात. त्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी आणि हवे असल्यास मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, हे सगळे मीठ-ओवा घालून मडक्यात भरतात. मडक्याच्या तळाला आणि तोंडाला भांबुर्डी या रानवनस्पतीचा पाला गच्च कोंबतात. मग मडके जमिनीवर उलटे ठेवून भोवती पेंढा, काटक्या आणि गोवऱ्यांचा जाळ करतात. आत पाण्याचा किंवा तेलाचा थेंबही घालत नाहीत, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सारे शिजते.

माझ्या पहिल्या आराखड्यात मेजाचा पाया उलट्या मडक्याच्या आकाराचा होता, त्यावर १२० सेंटिमीटर व्यासाचा गोल सागवानी पाटा होता आणि कडेला वालाच्या पानांची वेलबुट्टी कोरलेली होती. आमच्या मार्गदर्शकांनी तो पाहून एवढेच म्हटले की ही वस्तू हॉटेलच्या दारात शोभेल, परंतु हिच्याभोवती बसून कोणी शेंगा सोलेल असे वाटत नाही. त्या वेळी मला राग आला होता, पण आठवडाभर विचार केल्यावर त्यांचे म्हणणे पटू लागले आहे. तरी अडचण कायम आहे. मडक्याचा आकार सोडला, तर पाहणाऱ्याला ही वस्तू पोपटीवरून आली आहे हे कळणार कसे? आणि मेज अंगणात किंवा शेतात, म्हणजे उंचसखल जमिनीवर ठेवायचा असल्यामुळे पायांचा प्रश्नही सुटलेला नाही. ज्यांनी पोपटी लावली आहे आणि ज्यांनी लाकडात काम केले आहे, अशा दोघांचेही मत हवे आहे.

उत्तर १: बांधावरचा भांबुर्डा

आमच्या घरी दर वर्षी डिसेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत तीन-चार वेळा तरी पोपटी लागते. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही पोपटीचा चुकीचा क्षण धरला आहे. मडके जाळात असते तेव्हा ते राखेने आणि निखाऱ्यांनी झाकलेले असते आणि त्याचा आकार कोणी बघतही नाही. सगळ्यांचे लक्ष वडीलधाऱ्या माणसाकडे असते. तो मडक्यावर पाण्याचा हबका मारतो, पाणी चर्र करून क्षणात उडून गेले की पोपटी झाली, असा आमच्याकडचा अंदाज आहे. खरी पोपटी सुरू होते ती मडके ओतले जाते तेव्हा. एक माणूस गोणपाटात धरून मडके उचलतो, दुसरा काठीने तोंडाचा करपलेला पाला ओढून काढतो, वाफेचा एक लोट येतो आणि सगळा ऐवज एकदम बाहेर पडतो. त्या वासाचे वर्णन मला करता येत नाही; ओवा, धूर आणि ओल्या पाल्याचा थोडा कडवट दर्प असे काहीसे म्हणता येईल.

आता त्या ओतण्याकडे डिझाइन करणाऱ्याच्या नजरेने पाहा. पहिली गोष्ट म्हणजे अंडी आणि बटाटे गडगडतात. सपाट पाट्यावर मडके रिकामे केले, तर निम्मी अंडी लोकांच्या मांडीवर किंवा मातीत जातील. त्यामुळे कडेला निदान दोन-अडीच सेंटिमीटरचा काठ हवाच. दुसरी गोष्ट म्हणजे टरफले. शेंग दातांत धरून दाणे ओढून घेतले की टरफल उरते, अंड्याची कवचे आणि रताळ्याच्या साली उरतात, आणि अर्ध्या तासात खाण्याच्या ढिगापेक्षा टरफलांचा ढीग मोठा होतो. काठ चहूबाजूंनी बंद असला, तर तो कचरा काढायचा कसा? आमच्याकडे लहान पोपटी असली की ती चक्क सुपात ओततात, आणि सूप हे या कामाला फार सोयीचे आहे, कारण त्याला तीन बाजूंनी काठ असतो आणि चौथी बाजू उघडी असते. खाणे झाले की उघड्या बाजूने एक झटका दिला की सूप मोकळे होते. तुम्हाला आकार उचलायचाच असेल, तर मडक्याऐवजी सुपाकडून उचला असे मी म्हणेन.

तिसरी गोष्ट तुमच्या आराखड्यात कुठेच दिसत नाही. ओतणाऱ्याला उभे राहायला जागा लागते. गरम मडके हातात घेऊन बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून कोणी ओतत नाही. त्यामुळे पोपटीभोवतीचे कडे नेहमी एका बाजूला मोकळे असते, आणि ओतून झाल्यावर तोच माणूस हात धुऊन त्या मोकळ्या जागी येऊन बसतो. (लहानपणी आम्ही ती जागा आधीच अडवून बसत असू आणि त्यासाठी बोलणी खात असू.)

जाता जाता एक सूचना करतो. बरेच जण वर्तमानपत्रावर पोपटी ओततात. छापील कागदावर गरम अन्न ठेवू नये, असे अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने बजावलेले आहे, आणि गरम, ओलसर पोपटीला शाई लागलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. पाट्यावर केळीचे पान बसेल अशीच मापे धरा.

उत्तर २: रंधा आणि पटाशी

वरच्या उत्तरातील सूप मला फार आवडले, कारण त्यामुळे लाकडाचीही एक अडचण सुटते. त्याकडे येतोच, पण आधी मापे पाहू.

१२० सेंटिमीटरचा व्यास बैठ्या मेजाला जास्त होतो. मांडी घातलेल्या माणसाचा खांदा पाट्याच्या कडेपासून सुमारे ३० सेंटिमीटर मागे असतो. म्हणजे मध्यावरची शेंग घ्यायला त्याला ९० सेंटिमीटर अंतर कापावे लागेल, आणि हात तर खांद्यापासून साधारण ६०-६५ सेंटिमीटरच पोहोचतो. उरलेले अंतर दर घासाला वाकून भरून काढणे पहिल्या पाच मिनिटांपुरते ठीक वाटते, नंतर लोक फक्त आपल्या पुढ्यातले खातात आणि एकत्र खाण्याचा अर्थच जातो. व्यास १०० सेंटिमीटरवर आणला, तर थोडेसे पुढे झुकून मध्य हाती येतो. आता त्याभोवती किती जण बसतील ते पाहा. गुडघे पाट्याच्या बाहेर राहतील असे धरले, तर गुडघ्यांचे वर्तुळ साधारण १३० सेंटिमीटर व्यासाचे पडते, म्हणजे परीघ ४०८ सेंटिमीटर. मांडी घातलेल्या माणसाला ७० ते ८० सेंटिमीटर रुंदी लागते. सहा जण बसवल्यास प्रत्येकाला ६८ येतात आणि गुडघ्याला गुडघा लागतो, तर पाच जण बसवल्यास ८१ येतात. मग पाचच जण ऐसपैस बसतील असा मेज करा आणि ओतणाऱ्याने मागाहून येऊन सर्वांना जरा सरकायला लावून बसावे. वरच्या उत्तरात वर्णन केलेली रीत ही बहुधा अशाच सरकण्यातून आली असावी.

आता काठाविषयी. मीटरभर रुंदीचा पाटा एका फळीत मिळणार नाही, चार-पाच फळ्या जोडाव्या लागतील. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने हवेतील ओलीप्रमाणे फुगते आणि आकसते. कोकणातला पाऊस आणि एप्रिल-मेची कोरडी खोली यांच्यामध्ये सागाचा मीटरभर रुंद पाटा अर्धा-एक सेंटिमीटर सहज हलतो. अशा पाट्याला सलग गोल काठ सरस लावून घट्ट बसवला, तर दुसऱ्या वर्षी एक तर काठाचा सांधा उघडेल नाहीतर पाटा चिरेल. म्हणून काठ तीन-चार तुकड्यांत करा, तुकड्यांमध्ये फटी सोडा आणि ओतणाऱ्याच्या बाजूची फट तळहाताएवढी रुंद ठेवा, म्हणजे टरफले तिथूनच लोटून काढता येतील. पाट्याखालच्या आडव्या पट्ट्याही सरसाने चिकटवू नका. त्यांना लांबट भोके पाडून स्क्रू सैल ठेवा. वरून रोगण न लावता कच्च्या जवसाच्या तेलाचे तीन-चार हात द्या. गरम बटाट्याने रोगणावर पांढरे डाग उठतात, तेलावर ते उठत नाहीत. मडके मात्र पाट्यावर टेकवायचे नाही, निखाऱ्यातून आलेल्या मातीच्या भांड्याने कोणतेही लाकूड करपते.

पायांच्या बाबतीत माझी स्वतःचीच एक फजिती सांगतो. उंचसखल जमिनीवर तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, तिवईला म्हणूनच तीन पाय असतात, या भरवशावर मी एका शेतघरासाठी १०० सेंटिमीटरचा तीनपायी मेज केला होता. पाय मध्यापासून ४० सेंटिमीटरवर होते. पहिल्याच संध्याकाळी एका आजोबांनी उठताना दोन पायांच्या मधल्या कडेवर हात टेकला आणि मेज जेवणासकट त्यांच्या अंगावर आला. घरी येऊन हिशेब केला तेव्हा चूक कळली. दोन पायांना जोडणारी रेषा मध्यापासून २० सेंटिमीटरवरच होती आणि पाट्याची कड तिच्या ३० सेंटिमीटर बाहेर होती. मेजाचे वजन २० किलो असल्यामुळे कडेवर १३-१४ किलोचा भार आला की तो उलटणारच होता, आणि उठताना टेकलेल्या हाताचा भार त्याहून कितीतरी जास्त असतो. पाय पाट्याच्या कडेखाली नेले, तरी मर्यादा २० किलोपर्यंतच जाते. चार पाय केल्यास उलटण्याचे भय कमी होते, पण शेतात ते डुगडुगतील. या प्रश्नाला माझ्याकडे अजून चांगले उत्तर नाही.

उत्तर ३: चुंबळ

पायच कशाला हवेत? माठ खाली ठेवताना आपण त्याच्या बुडाशी चुंबळ, म्हणजे कापडाचे किंवा दोराचे गोल वळलेले कडे, ठेवतो. गोल बुडाचे भांडे उंचसखल जागीही तिच्यावर स्थिर बसते, कारण चुंबळ जमिनीप्रमाणे थोडी दबते. काथ्याच्या जाड दोराची ८० सेंटिमीटर व्यासाची मोठी चुंबळ वळा आणि पाटा तिच्यावर ठेवा. आधार सगळीकडून ४० सेंटिमीटरवर आला, म्हणजे कड फक्त १० सेंटिमीटर बाहेर राहते. वरच्याच हिशेबाने मेज उलटवायला ८० किलो लागतील. उंची १५-२० सेंटिमीटर येईल आणि हाताने खाण्यासाठी ती पुरेशी आहे. चौरंगावर ताट ठेवून आपण जेवतोच. काथ्या ओलीला दाद देत नाही, आणि मेज आवरताना पाटा भिंतीला टेकवून चुंबळ खुंटीला अडकवता येईल.

ओळख पटण्याच्या तुमच्या शंकेविषयीही सांगतो. इथिओपियात मेसोब नावाची गवताची विणलेली उंच टोपली असते. तीच तिथे मेज होते, तिच्यावर इंजेरा ही मोठी आंबवलेली भाकरी पसरतात, भाकरीवर कालवणे वाढतात आणि भोवती बसलेले सगळे एकाच इंजेराचे तुकडे तोडून खातात. मेसोबवर इंजेराचे चित्र कुठेही नसते, तिची रुंदी मात्र इंजेरा मावेल अशीच असते. गुजरातमधल्या वलसाडकडचे उंबाडियू तुमच्या पोपटीसारखेच उलट्या मडक्यात होते. तिकडचा माणूस तुमच्या मेजाशी बसला आणि न सांगता मोकळ्या बाजूने टरफले लोटू लागला, तर ओळख पटली असे समजा. वेलबुट्टी गाळा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: कच्चा आराखडा

तिघांचाही मनापासून आभारी आहे. मडक्याचा पाया आणि वेलबुट्टी काढून टाकली आहे. १०० सेंटिमीटरचा पाटा, तीन तुकड्यांचा काठ, ओतणाऱ्याच्या बाजूला १५ सेंटिमीटरची मोकळी जागा आणि खाली काथ्याची चुंबळ असा नवा आराखडा काढला आहे. एकच शंका उरली आहे. चुंबळ एका बाजूने जास्त दबली, तर पाटा कलणार नाही का, आणि कलला तर अंडी मोकळ्या बाजूनेच घरंगळणार नाहीत का?

उत्तर २ कडून पुन्हा: रंधा आणि पटाशी

कलेल, आणि मोकळी बाजू खालच्या अंगाला आली तर अंडीही जातील. म्हणून त्या जागी काढता-घालता येणारी एक पट्टी खाचेत बसवा. ओतताना ती लावलेली असेल आणि टरफले लोटायच्या वेळी उपसता येईल. चुंबळ किती दबते हे मात्र कागदावर कळणार नाही. सागाला हात लावण्यापूर्वी साध्या प्लायचा पाटा कापा, बटाटे आणि अंडी उकडून घ्या, ती मडक्यात भरून अंगणात खरोखर ओतून पाहा आणि पाच जणांना तासभर बसवा. शेंगांचा हंगाम अजून आहे, तेव्हा दुसऱ्या खेपेला पोपटीच लावा.