ऑटोइम्यूनला मराठीत काय म्हणावं? (किरणोपचारानंतरचे त्वचाविकार)

मृण्मयी :
स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपलेल्या बायकांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. किरण दिलेल्या जागीच पुढे कधी कधी ऑटोइम्यून त्वचाविकार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर हल्ला करते तो) उद्भवतो, असा एक परिच्छेद आहे. मी 'स्वयंप्रतिकार विकार' लिहिलं. परळच्या मावशींना मसुदा वाचायला दिला, तर म्हणाल्या, "शरीर आपणहून प्रतिकार करतंय, मग चांगलंच की!" अर्थ पार उलटा पोचला. दुसरा शब्द सुचवा.

अविनाश_गिरगाव :
रूढ परिभाषा मोडू नका, खाली एक ओळ खुलासा द्या. आणि कुठे 'किरणोत्सर्ग उपचार' लिहिलं असेल तर आधी काढा. किरणोत्सर्ग म्हणजे रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी. रेडिएशनला 'प्रारण' हा शब्द आहे.

सायली :
'प्रारण' कोणाला कळणार हो? वॉर्डात सगळ्या 'शेक' म्हणतात. "माझे पंधरा झाले, तुमचे किती राहिले?" हिंदी 'सिकाई'वरून आला असेल.

अविनाश_गिरगाव :
शेकणे, शेकोटी, शेगडी हे घरचे शब्द असताना हिंदीकडे कशाला जायचं? मला तर तो संस्कृत 'सेक'शी जोडलेला वाटतो.

सायली :
'सेक' म्हणजे शिंपडणं ना? पाण्यावरून विस्तवावर कसा आला?

डॉ_त्वचा :
व्युत्पत्ती काहीही असो, पत्रकात 'शेक' लिहू नका. माझ्या एका पेशंटने शेक म्हणजे शेकच समजून त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली. किरण दिलेल्या त्वचेला उष्णता अजिबात द्यायची नसते.
मृण्मयीताई, परिच्छेद बहुधा मॉर्फियावर असेल. या त्वचाविकारात कोलॅजेन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) साचून कातडी जाड, कडक होते, आत ओढली जाते. एरवी हा आजार लाखात दोन-तीन जणांना होतो; स्तनावर किरणोपचार झालेल्यांत साधारण पाचशेत एकीला, असा अंदाज दिला जातो. बहुतेकदा वर्षभरात, पण कित्येक वर्षांनीही. लाली आणि सूज बघून जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक्स दिली जातात, किंवा कर्करोगच परतला म्हणून घरचे हादरतात. बायोप्सीने उलगडा होतो. असाच दुसरा विकार पेम्फिगॉइड; त्यात त्याच भागावर पाण्याचे टरारलेले फोड येतात. तिथे प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) त्वचेच्या दोन थरांना जोडणाऱ्या प्रथिनांवरच चालून जातात. शब्द कुठलाही घ्या, पण "उपचार संपल्यावर खूप दिवसांनीही दाखवायला या" हे ठळक छापा.

वसुधा_डोंबिवली :
'प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते' असं लिहा. औषध उलटतं, माणूस उलटतो, हे सगळ्यांना कळतं. 'आत्मघाती' मात्र नको. उपचारांतून नुकत्या उठलेल्या बाईच्या हातात तो शब्द देववत नाही.

अविनाश_गिरगाव :
'उलटते' हे वर्णन झालं, संज्ञा नाही. पुढे फाइलवर काय लिहाल?

वसुधा_डोंबिवली :
फाइल डॉक्टर वाचतात, पत्रक पेशंट वाचते.

मृण्मयी :
'उलटते' आवडलं. आता कातडीला 'कडक' म्हणू की 'निबर'? मला निबर जास्त नेमका वाटतो.

सायली :
निबर भेंडी असते, कातडी नाही.

वसुधा_डोंबिवली :
आमच्याकडे कष्टाने हातही निबर होतात. कोकणात विचारून बघा.

सायली :
त्याला आम्ही घट्टे पडले म्हणतो.

डॉ_त्वचा :
घट्टा घासून घासून येतो, इथे घासण्याचा संबंध नाही. पेशंट स्वतः सांगतात, "चिमटीत धरता येत नाही." तेच वाक्य छापा.

अविनाश_गिरगाव :
शेगडीचं मूळ कोणी शोधलंय का? शेक आणि शेगडी एकाच धातूचे असतील, तर हिंदीचा दावा तिथेच संपतो.