मदत हवी आहे: मुलं टिपा वहीत उतरवतात, पण वेळेवर आठवत नाहीत. शाळेच्या ग्रंथपालाने काय करावं?

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक तुकडीची आठवड्यातून एक वाचन-तासिका माझ्याकडे असते. तिची पहिली दहा मिनिटं मी ‘आजची टीप’ म्हणून राखून ठेवली आहेत. एका आठवड्याला तंत्रज्ञानाची, एका आठवड्याला वाचनाची. वर्ष होत आलं. मुलं मन लावून ऐकतात, लिहून घेतात. तरीही मागच्या महिन्यात जे घडलं त्याने मी फार अस्वस्थ झाले आहे, म्हणून हा धागा.

नववीतली एक मुलगी प्रकल्पासाठी एक पुस्तक मागायला आली. चिठ्ठीवर नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, सगळं सुवाच्य अक्षरात. आमच्या नोंदवहीत नव्हतं. मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन तालिका, म्हणजे त्यांच्याकडच्या पुस्तकांच्या याद्या, पाहिल्या, तिथेही नाही. लेखक खरे, प्रकाशनसंस्था खरी, पण असं पुस्तक त्या लेखकाने कधी लिहिलेलंच नाही. विचारलं तेव्हा कळलं, यादी चॅटबॉटने दिली होती. चॅटबॉट पुस्तकांची नावं बेमालूम रचून देतात, हे मी त्याच वर्गाला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. हा कार्यक्रम दर वेळी तालिका उघडून बघतोच असं नाही, कुठल्या शब्दापुढे कुठला शब्द शोभेल त्या अंदाजाने वाक्य जुळवतो, त्यामुळे खोटं नावही खऱ्यासारखंच दिसतं, असं फळ्यावर उदाहरण लिहून समजावलं होतं. मुलीला ते आठवत होतं. तिने वही उघडून मला ती टीप दाखवली. तारखेसकट होती. “पण मॅडम, हे माझ्या यादीबद्दल आहे असं वाटलंच नाही,” म्हणाली.

तेव्हापासून मी माझ्या सगळ्या टिपांकडे संशयाने बघते आहे. बातमी खरी की खोटी हे ठरवताना त्याच पानावर रेंगाळू नका, नवा टॅब उघडून त्या संकेतस्थळाबद्दल इतर काय म्हणतात ते बघा, हे मी शिकवलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना एकच काम दिलं होतं. पान चटकन सोडून बाहेर शोध घेणारे तथ्यतपासनीस सगळ्यांत लवकर आणि सगळ्यांत अचूक ठरले. ही गोष्ट मुलांना भारी आवडली. पण आवडणं वेगळं आणि वेळेला हात आपोआप नव्या टॅबकडे जाणं वेगळं.

याच्या अगदी उलट अनुभव आठवीतल्या एका मुलाचा. तो आपण होऊन आला, “फोनवर वाचताना ओळ सारखी हरवते” म्हणाला. तो पीडीएफ वाचत होता. पीडीएफचं पान छापील पानासारखं पक्कं असतं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि बोटाने पान इकडून तिकडे सरकवत बसावं लागतं. मी त्याला त्याच पुस्तकाची ईपब प्रत दिली. ईपबमध्ये मजकूर पडद्याच्या मापाने नव्याने मांडला जातो. अक्षर मोठं, दोन ओळींत अंतर, फिकट पिवळसर पार्श्वभूमी, हे सगळं त्याने माझ्यासमोर बसून स्वतः लावलं. पाच मिनिटांचं काम. पुढच्या आठवड्यात त्याने आणखी चौघांना ते करून दिलं होतं. ही टीप मी वर्गात कधी दिलेलीच नव्हती!

म्हणजे मूल अडलेलं असताना सांगितलेलं मुरतं, एरवी वहीत राहतं. निदान मला तरी आता असं वाटतं. अडचण ही की मुलं चारशेच्या वर आणि मी एकटी. त्यात हे वय असं की अडलं तरी विचारायचं नाही. कोण कुठे अडलंय हे कसं ओळखायचं? दहा मिनिटांच्या टिपा बंद कराव्यात का? ज्यांनी या वयाच्या मुलांबरोबर काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
मीही ग्रंथपाल आहे, बरीच वर्षं. पहिली सूचना: टेबलामागून उठा. टेबलाशी येऊन विचारायला मुलाला धीर गोळा करावा लागतो. पुस्तकं लावायच्या निमित्ताने कपाटांमधून फिरत राहिलात तर तेच मूल सहज बोलतं. आणि पहिला प्रश्न हा खरा प्रश्न नसतो हे लक्षात ठेवा. “विज्ञानाची पुस्तकं कुठे आहेत?” म्हणणाऱ्याला बहुधा एकाच गोष्टीबद्दल दोन पानं हवी असतात. “कशासाठी हवंय?” एवढं मायेने विचारलं की गाठ सुटते.

दुसरं, टीप अडण्याच्या जागीच ठेवा. संगणकाच्या पडद्याशेजारी ‘यादी चॅटबॉटने दिली? आधी तालिकेत शोधा’ एवढी एकच पट्टी. जाड कादंबरीत पन्नासाव्या पानावर चिठ्ठी: ‘इथवर आलास. आवडत नसेल तर परत कर, दुसरं घे.’ ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांचा हा पन्नास पानांचा नियम. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे सूत्र आपण फक्त मांडणीला लावतो. मला ते टिपांनाही लागू पडतं असं वाटतं.

प्रतिसाद २
मी विज्ञान शिकवतो. टीप सांगू नका, कोडं द्या. पाच पुस्तकांची यादी, त्यातली दोन बनावट, गटाने शोधून काढा. सोबत आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचं, गणित द्या. 2007 पासून हा क्रमांक तेरा अंकी आहे. अंकांना डावीकडून आळीपाळीने 1 आणि 3 ने गुणून बेरीज केली की तिला 10 ने भाग जायला हवा. नाही गेला तर क्रमांक चुकीचा, एवढं वहीवरच कळतं. मात्र भाग गेला म्हणजे पुस्तक खरं, असं नाही. तो क्रमांक दुसऱ्याच पुस्तकाचा असू शकतो, म्हणून तालिका उघडावीच लागते. या दुसऱ्या पायरीवर मुलं खरी शिकतात. आधी त्यांना फसू द्या.

प्रतिसाद ३
पालक म्हणून लिहिते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. वर्गासमोर ती मेली तरी विचारणार नाही. तुम्ही निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. आणि एक विनंती, पुस्तक अर्धवट परत आलं तर “का नाही वाचलं?” असं विचारू नका. या प्रश्नामुळे तिने एकदा ग्रंथालयात जाणंच सोडलं होतं.

प्रतिसाद ४
माझं मत वेगळं आहे. ती दहा मिनिटंही वाचनालाच द्या. दिवसभर या मुलांना सगळे काही ना काही सांगतच असतात. फोन बंद, सगळे गप्प, तुम्हीसुद्धा स्वतःचं पुस्तक उघडून बसा.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवडे करून बघितलं, म्हणून आता लिहिते.

प्रतिसाद ४, तुमचं निम्मं ऐकलं. एका आठवड्याला टीप, एका आठवड्याला नुसतं वाचन. टिपा पूर्ण सोडायला मन होत नाही, कारण घरी हे सांगणारं कुणीच नाही अशीही मुलं माझ्याकडे आहेत.

पेटीत पहिल्या आठवड्यात दोनच चिठ्ठ्या आल्या. एक कोरी. दुसरीवर लिहिलं होतं, “पन्नास पानं वाचून पुस्तक सोडलं तर तुम्ही खरंच रागावणार नाही ना?” वर्षभरात हा नियम मी तीनदा सांगितला असेन. पण पुस्तक परत घेताना माझा चेहरा काय सांगत होता, ते मला त्या चिठ्ठीने कळलं. ताई, तुमची विनंती शब्दशः पाळते आहे.

कोड्याचा तास सगळ्यांत चांगला झाला. सर, तुम्ही म्हणालात तसंच, चौदापैकी अकरा गट आधी फसले. गुणाकार करून बेरजा जुळल्या की खूश व्हायचे आणि तालिका न उघडताच ‘खरं’ असा शेरा मारायचे. दोन गटांनी मात्र एका खऱ्याखुऱ्या मराठी पुस्तकाला बनावट ठरवलं. त्यांची चूक नव्हती. त्या तालिकेत नोंद रोमन लिपीत होती आणि लेखकाच्या आडनावातला ‘व’ त्यांनी ‘व्ही’ने शोधला, नोंदीत तो ‘डब्ल्यू’ने होता. चॅटबॉटवाली ती मुलगी त्यांतल्याच एका गटात होती. तासानंतर थांबून तिने आडनाव चार तऱ्हांनी लिहून पाहिलं आणि पुस्तक शोधून काढलं.

आता पुढची मदत हवी आहे. मराठी नावं रोमन तालिकांत किती तऱ्हांनी लिहिली जातात, ‘व’चं हे, ‘श’ आणि ‘ष’, दीर्घ आकारावरची आडवी रेघ, ‘ज्ञ’ची तर तीन-तीन रूपं, याचा एक पानाचा तक्ता कुणी केलाय का? नसेल तर तुम्हाला भेटलेली उदाहरणं इथे टाका. मी तो तक्ता करून संगणकाशेजारच्या पट्टीखाली लावेन.