पाऊस लागला आणि फॉइलवरच्या नॅनोट्यूब सुटायला लागल्या. कुठे चुकतंय?

खाडीकाठ_ऐरोली:
नमस्कार. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प असा: टायटॅनियमच्या फॉइलवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोट्यूब वाढवायच्या आणि त्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करायचं.

एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत होतं. इथिलीन ग्लायकॉल, त्यात ०.३ टक्के अमोनियम फ्लोराइड आणि २ टक्के पाणी, त्यात फॉइलला ६० व्होल्ट, दीड तास (हेच ॲनोडायझिंग, यातच नळ्या उगवतात). मग भट्टीत ४५० अंशांवर दोन तास. १ मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण), झेनॉन दिव्याखाली, आरएचई या संदर्भ-इलेक्ट्रोडच्या तुलनेत १.२३ व्होल्टला ०.६ मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर करंट मिळायचा.

जुलैपासून घडी बसेना. बुधवारी चिमट्याने फॉइल उचलली तर राखाडी थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा अख्खा सुटून आला, खाली फॉइल चकचकीत. जे नमुने टिकतात त्यांचा करंट ०.१५ च्या वर जात नाही. बाटली तीच, फॉइल तीच, सप्लाय तोच. भट्टी आम्हा चौघांत एक, माझा नंबर सोमवारी. म्हणून शुक्रवारचे नमुने धूळ बसू नये म्हणून डिस्टिल्ड पाण्यात ठेवून घरी येते. जुना काचेचा सेल फुटला, म्हणून जूनमध्ये तुर्भ्याला ॲक्रिलिकचा नवा करून घेतला. बाकी काहीही बदललेलं नाही. सप्टेंबरात रिपोर्ट द्यायचाय आणि आता रडू यायला लागलंय.

कळवा_पूल:
ताई, रडू नका, यातलं बरंचसं आपल्या हवेचं आहे. माझी पीएचडी याच नळ्यांवर झाली आणि पहिला पावसाळा मीही असाच घालवला. "बाटली तीच" म्हणता, पण ती एप्रिलपासून उघडझाप होतेय ना? ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. अमोनियम फ्लोराइडही तसंच, जुलैत मिठाला पाणी सुटतं तसं. तुम्ही २ टक्के मोजून घालता, पण बीकरमध्ये किती असतं? पाणी वाढलं की फ्लोराइड ऑक्साइडला भराभर खातं, नळ्यांची तोंडं झिजतात आणि वर गवतासारखा गुंता पडतो. ॲनोडायझिंगचे एप्रिलचे आणि आत्ताचे करंटचे आलेख एकावर एक ठेवून बघा. सुरुवातीची उसळी, मग उतार, मग सपाट भाग. तो सपाट भाग वर सरकला असेल तर पाणीच.

सुटण्याचं कारण मात्र वेगळं. भट्टीत जाईपर्यंत नळ्या अस्फटिक असतात, म्हणजे त्यांच्यातल्या अणूंची नीट रांग लागलेली नसते. अशा नळ्या दोन-तीन दिवस पाण्यात ठेवल्या तर त्यांची रचनाच बदलायला लागते. शिवाय पाणी सुकताना नळ्यांना एकमेकींकडे ओढतं, थर आक्रसतो आणि कड सुटते. इथेनॉलने धुवा, सावकाश सुकवा, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. भट्टी मिनिटाला २ अंशांनी चढवा, उतरतानाही घाई नको.

आणि ती चकचकीत फॉइल टाकलीत का? नसेल तर जपून ठेवा. सुटलेल्या नळ्यांच्या बुडाचे खळगे तिच्यावर उमटलेले असतात. तिच्यावरच पुन्हा ॲनोडायझिंग केलं की नळ्या जास्त ओळीने उगवतात. कितीजण हेच मुद्दाम करतात.

एक मात्र कळकळीने सांगतो. फ्लोराइड काचेच्या बीकरमध्ये नको, प्लास्टिकचा घ्या. ग्लोव्हज घालाच, आणि फ्लोराइड कातडीला लागलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं, कपाटात कुलपात नव्हे.

वाशी_८_१२:
नळ्यांचं वर आलंच आहे. मला खटकलं ते ॲक्रिलिक. दिव्याचा प्रकाश त्याच भिंतीतून आत जातो का? भट्टीतून निघाल्यावर तुमच्या नळ्या ज्या स्फटिकरूपात असतात त्या ॲनाटेजचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटा करायला प्रकाशाकडून लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचाच प्रकाश त्याच्या कामाचा. उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के. सगळाच्या सगळा वापरला तरी कमाल करंट १.१ मिलिअँपिअरच्या आसपास, त्यामुळे तुमचा एप्रिलचा ०.६ चांगलाच होता. बाजारातल्या बऱ्याच ॲक्रिलिक शीटमध्ये उन्हाने पिवळी पडू नये म्हणून अतिनील किरण शोषणारं द्रव्य घातलेलं असतं. नेमका तुमचाच घास दारात अडत असेल.

खाडीकाठ_ऐरोली:
आठवड्याने लिहितेय, दोघांचेही मनापासून आभार.

सेल बनवताना उरलेला ॲक्रिलिकचा तुकडा कुठला प्रकाश किती आरपार जातो ते मोजणाऱ्या यूव्ही-व्हिजिबल मशीनमध्ये धरला. ४०० नॅनोमीटरच्या वर स्वच्छ आरपार, आणि ३८० च्या खाली रेघ थेट तळाला. मी दीड महिना इलेक्ट्रोडला अंधारात ठेवून त्यालाच दोष देत होते. समोरच्या भिंतीला भोक पाडून क्वार्ट्झची चकती बसवली. टिकलेल्या जुन्याच नमुन्यावर ०.१५ चा ०.३८ झाला.

आलेखही जुळवले. सपाट भाग एप्रिलच्या जवळजवळ दुप्पट. सरांकडून ग्लायकॉलची सीलबंद बाटली मागून घेतली, छोट्या बाटल्यांत भरून घट्ट बंद केली. काल त्यातून तीन फॉइल काढल्या, त्यातली एक ती खळगेवाली. इथेनॉलने धुतल्या, रात्रभर डेसिकेटरमध्ये ठेवल्या. सकाळी तिन्हींचा थर कडेपर्यंत शाबूत.

भट्टीचा नंबर मैत्रिणीने तिचा सोडून मला दिला. आत्ता आकडा ३१० दाखवतोय. आज शेवटची ट्रान्स-हार्बर लोकल चुकली तरी चालेल, पण दार थंड झाल्यावरच उघडणार.

कळवा_पूल:
१०० च्या खाली आल्यावरच उघडा. आणि आकडे कळवा, वाट बघतोय.