मेंदूकडे रक्तप्रवाह वाढला म्हणजे पोटातले बाळ सुरक्षित आहे का?

शर्वरी:
नमस्कार. माझ्या वहिनींना ३३वा आठवडा सुरू आहे. त्यांचा रक्तदाब वाढलेला आहे आणि बाळाची वाढ मागे पडली आहे. ताज्या डॉप्लर सोनोग्राफीच्या अहवालात नाळेतील रक्तप्रवाहाला होणारा अडथळा वाढल्याचे, तसेच बाळाच्या मेंदूकडे जाणारा प्रवाह वाढल्याचे लिहिले आहे. मेंदूला रक्त जास्त मिळते आहे म्हणजे काळजीचे कारण नाही, असे समजून घरची मंडळी निर्धास्त झाली आहेत; डॉक्टर मात्र एक दिवसाआड तपासणीला बोलावत आहेत. पोटात हळूहळू होणारी प्राणवायूची कमतरता आणि प्रसूतीच्या वेळी अचानक होणारी कमतरता, यांचे परिणाम सारखेच असतात का? आणि जन्मल्यावर बाळ लगेच रडले नाही, तर मेंदूला इजा झाली असे धरायचे का?

प्रसूतितज्ज्ञ:
डॉक्टर वारंवार का बोलावतात, याचे उत्तर त्या अहवालातच आहे. पोटातले बाळ मुळातच आपल्यापेक्षा खूप कमी प्राणवायूवर जगते. वारेकडून, म्हणजे प्लॅसेंटाकडून, त्याच्याकडे येणाऱ्या रक्तातही प्राणवायूचा दाब साधारण ३० मिमी पारा एवढाच असतो, तर निरोगी प्रौढाच्या धमनीत तो ९०च्या पुढे असतो. तरीही बाळाचे भागते, कारण त्याचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असून ते प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते, आणि त्याचे प्रमाणही जास्त असते.

वारेचे काम मंदावले, की मिळकत घटलेल्या घराप्रमाणे बाळ आधी इतर खर्च आवरते. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी यांच्याकडे रक्त वळवले जाते. मूत्रपिंड, आतडी आणि हातपाय यांच्या वाट्याला कमी येते. मूत्रपिंडांना रक्त कमी मिळाल्याने बाळाची लघवी कमी होते आणि म्हणून गर्भजल घटते. पोटाचा घेर मागे पडतो, डोके मात्र त्या मानाने वाढत राहते. म्हणजे मेंदूकडचा वाढलेला प्रवाह ही सुरक्षिततेची पावती नसून टंचाई सुरू झाल्याची खूण आहे. अशा बाळांपैकी काहींना पुढे शिकण्यात किंवा लक्ष एकाग्र करण्यात अडचणी येतात, म्हणजे ही तडजोडही पूर्णपणे फुकट नसते. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात नाळेतील प्रवाह थांबला किंवा उलटा वाहू लागला, तर मामला बराच गंभीर होतो आणि प्रसूती केव्हा करायची हा निर्णय पुढे उभा राहतो.

अचानक होणाऱ्या कमतरतेत एवढी जुळवाजुळव करायला वेळच नसतो. नाळ बाळाच्या आधी बाहेर घसरणे, वार वेळेआधी सुटणे, गर्भाशय फाटणे अशा प्रसंगी ठोके कोसळतात, पेशी प्राणवायूविना ऊर्जा बनवू लागतात, रक्तात आम्ल साचते, आणि काही मिनिटांतच मेंदूच्या आतील भागातील, म्हणजे थॅलॅमस आणि त्याच्या शेजारच्या, पेशी मरू लागतात. कारण पूर्ण दिवसांच्या बाळात त्या भागांची ऊर्जेची गरज सर्वांत जास्त असते. कमतरता अर्धवट पण लांबलेली असेल, तर मेंदूच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सीमेवरचा पट्टा आधी भरडला जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात इजा बहुधा मेंदूतील पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाला होते.

हे दोन प्रकार एकमेकांपासून तुटलेले मात्र नाहीत. प्रत्येक कळेत, साधारण मिनिटभर, वारेकडे जाणारा आईचा रक्तप्रवाह कमी होतो. निरोगी बाळ दोन कळांच्या मधल्या वेळात सावरते. आधीच टंचाईत वाढलेल्या बाळाजवळ ती शिल्लक नसते.

नवजात विभागातून:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. लगेच न रडणे म्हणजे मेंदूला इजा, हे समीकरण चुकीचे आहे. अनेक बाळांना जन्मल्यावर अंग पुसून चोळणे किंवा थोडा वेळ मास्कने श्वास देणे पुरते. व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेला गुणांक बाळाची त्या क्षणाची स्थिती सांगतो. केवळ तो कमी आहे म्हणून प्राणवायू कमी पडला, असे ठरवता येत नाही. नाळेच्या धमनीतील रक्ताचा पीएच ७ च्या खाली असणे (म्हणजे रक्तात फार आम्ल साचणे), दहाव्या मिनिटालाही श्वासाला आधार लागणे, त्यानंतर सुस्ती, ढिलेपणा किंवा झटके, असे चित्र एकत्र दिसले तर आम्ही सावध होतो.

इजा दोन टप्प्यांत होते. पहिल्या धक्क्यानंतर पेशी काही तास सावरल्यासारख्या दिसतात आणि मग पुन्हा ढासळतात. म्हणूनच ३६ आठवडे पूर्ण झालेल्या, मध्यम किंवा तीव्र लक्षणे असलेल्या बाळाचे तापमान जन्मानंतर ६ तासांच्या आत ३३ ते ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून ७२ तास तिथे ठेवतात. हा उपचार सरसकट करण्याजोगा नाही: भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील रुग्णालयांत झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढलेले आढळले. तुमच्या वहिनींच्या बाळाचा जन्म येत्या दोन आठवड्यांत झाला, तर हा उपचार त्याच्यासाठी नाही.

सेरेब्रल पाल्सीचे, म्हणजे मेंदूतील दोषामुळे बाळाच्या हालचालींत येणाऱ्या कायमच्या अपंगत्वाचे, खापर प्रसूतीवर फोडण्याची सवय १८६०च्या दशकातील लिटल या इंग्रज शल्यविशारदापासूनची आहे. त्याच शतकाच्या अखेरीस मेंदूविकारतज्ज्ञ सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली, की अवघड प्रसूती हीच कधीकधी बाळात आधीपासून असलेल्या दोषाचा परिणाम असू शकेल. आज बहुसंख्य प्रकरणांचे मूळ प्रसूतीच्या त्या काही तासांत सापडत नाही.

शर्वरी:
दोघांचेही आभार. आईला मास्कने प्राणवायू दिला, तर बाळाला मिळणारा वाढेल का?

प्रसूतितज्ज्ञ:
आईच्या रक्तातील प्राणवायू ठीक असेल, तर फारसा फरक पडत नाही. तिचे हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ भरलेले असते आणि अडचण वारेत असते. त्यापेक्षा कुशीवर झोपवणे, घसरलेला रक्तदाब सावरणे आणि कळा फार जवळ येत असतील तर कळांचे औषध थांबवणे याचा उपयोग जास्त होतो. घरी असताना वहिनींनी बाळाच्या हालचालींकडे लक्ष द्यावे. त्या नेहमीपेक्षा मंदावल्या, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालयात जावे, रात्र असली तरी.