मदत हवी आहे: टेनिस खेळणाऱ्या मुलांचं ट्रंक रोटेशन (धड किती वळतं ते) साध्या साधनांनी कसं मोजायचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरला एका टेनिस कोचिंगमध्ये मी मुलांचं फिटनेस बघते. ११ ते १५ वयाची मुलंमुली, बरीचशी आयटाच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) अंडर-१२, अंडर-१४ टुर्नामेंट खेळणारी. आमच्या कोच सरांचं म्हणणं, निम्मी पोरं फोरहँड नुसत्या हाताने मारतात, धड वळतच नाही, तर आधी कोणाचं किती वळतंय ते मोजून दे, मग व्यायाम ठरवू. मलाही पटलं, पण मोजायला घेतलं आणि गाडं तिथेच अडलंय.

सध्या असं करते: स्टुलावर बसवायचं, पाय जमिनीवर टेकलेले, पीव्हीसी पाईप छातीसमोर आडवा धरायला द्यायचा, स्टुलाभोवती जमिनीवर मास्किंग टेपने दर १५ अंशाला रेघा मारल्यात, आणि पोरगं वळलं की पाईपचं टोक कुठल्या रेघेवर आलं ते वरून बघायचं. दिसायला सोपं आहे हो, पण एक १२ वर्षांचा मुलगा आहे तो उजवीकडे वळताना डावं बूड अलगद उचलतो, गुडघा पुढे सरकवतो, आणि वर तोंडभर हसत विचारतो "ताई किती झाले?" त्यांच्यात आता स्पर्धाच लागलीये ना कोण जास्त वळतं त्याची! बूड दाबून धरलं तर डावा खांदा पुढे काढतात, म्हणजे पाईप आणखी फिरतो पण छाती आहे तिथेच असते.

त्यात एकाच मुलाला मी मोजलं तर ४५ येतात आणि असिस्टंट कोचने मोजलं तर ५५. यातलं खरं काय धरायचं? मोबाईलमधलं लेव्हलचं अ‍ॅप छातीवर धरून पाहिलं तर मूल कितीही वळलं तरी आकडा जागचा हलत नाही. मोबाईल बदलून पाहिला, तेच.

लॅबमधले कॅमेरे, सेन्सर वगैरे आमच्या बजेटमध्ये बसणारे नाहीत, तेव्हा तसले सल्ले कृपया नकोत. जाणकारांनी सांगावं, विशेषतः कोणी स्पोर्ट्स फिजिओ असतील तर.

प्रतिसाद १

फिजिओ आहे, क्रिकेट आणि बॅडमिंटनची मुलं जास्त बघतो पण मोजमाप तेच.

अ‍ॅपचं आधी सांगतो. लेव्हलचं अ‍ॅप गुरुत्वाकर्षणावर चालतं. मूल ताठ बसून वळतं तेव्हा ते उभ्या अक्षाभोवती फिरतं, त्यात मोबाईल ना वर कलतो ना खाली, मग आकडा कशाला हलेल? बसून मोजायचं तर कंपासचं अ‍ॅप लागतं, आणि ते लोखंडी स्टूल किंवा पत्र्याची शेड जवळ असली की भरकटतं. लाकडी स्टूल घ्या.

त्यापेक्षा मुलालाच आडवं करा. गुडघ्यांवर बसून बूड टाचांवर टेकवायचं, पुढे वाकायचं, एका हाताचं कोपर ते मनगट गुडघ्यांसमोर जमिनीवर, दुसरा हात मानेमागे. आता मानेमागच्या हाताचं कोपर छताकडे न्यायचं. मोबाईल दोन्ही खांद्यांच्या मधोमध, मानेच्या बुडाशी जो मणका टोचतो त्याच्या जरा खाली, पाठीवर आडवा धरा. धड आडवं असल्याने इथे लेव्हलचंच अ‍ॅप चालतं. सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा, मधला फरक तो कोन. बूड टाचेवरून उचललं की ते रीडिंग बाद.

यात दुसरा फायदा असा की कंबर पूर्ण वाकलेली असल्याने कंबरेचे मणके जवळपास लॉक होतात आणि जे वळतं ते मुख्यतः छातीच्या मागचे मणके. तसंही पुस्तकात बघाल तर छातीच्या मणक्यांचं रोटेशन एका बाजूला साधारण ३५ अंश दिलेलं असतं आणि कंबरेच्या पाचही मणक्यांचं मिळून १० च्या आसपास. कंबरेचे सांधे वाकायला बनलेत, वळायला नाहीत. तुमच्या स्टुलावरच्या ५५ मध्ये खांद्याचं पातं, बूड, सगळ्यांचा वाटा आहे.

स्टूलवाली टेस्ट सोडू नका, पण गुडघ्यांमध्ये बॉल दाबायला द्या (बॉल पडला की बाद), आणि पाईप हातात न देता हात छातीवर क्रॉस करून खांद्यांना चिकटवून ठेवा.

प्रतिसाद २

माझी मुलगी अंडर-१४ खेळते, पुण्यात. आमच्या फिजिओनी सांगितलं होतं की वाढीच्या झपाट्यात असलेल्या मुलांची एकमेकांशी तुलना करूच नका, ज्याची त्याच्याशीच करा, आणि शेजारी उंचीही लिहा. मुलींचा हा झपाटा साधारण १२ ला, मुलांचा १४ च्या आसपास. अवांतर: पोरांना आकडा सांगूच नका, आपोआप बूड उचलणं बंद होईल :)

प्रतिसाद १ (पुन्हा)

वरच्यांशी सहमत, आकडा लपवाच.

४५ आणि ५५ बद्दल राहिलं. एकाच माणसाने मोजायचं, वॉर्मअप तोच, वेळ तीच, म्हणजे सकाळचं सकाळशी. तीन रीडिंग घेऊन सरासरी. सगळ्या मुलांना आठवड्याच्या अंतराने दोनदा मोजा, प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढा, त्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) एक्सेलमध्ये मिळेल. त्याच्या दुपटीपेक्षा कमी बदल दिसला तर व्यायामाने फरक पडला असं कोच सरांना सांगू नका, तो मोजण्यातलाच चढउतार आहे.

आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या. सर्व्ह करताना किंवा पाठ मागे वाकवून वळताना कंबर दुखते असं कोणी म्हटलं तर मोजणं, स्ट्रेचिंग सगळं थांबवा आणि ऑर्थोपेडिककडे पाठवा. या वयात कंबरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर (पुन्हा पुन्हा ताण पडून हाडाला बारीक तडा) होतं. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्या ३३ तरुण टेनिसपटूंचे कंबरेचे एमआरआय काढले होते, त्यातल्या २८ जणांत काही ना काही सापडलं. तसंच डाव्या-उजव्यात मोठा फरक कायम येत असेल तर मुलाला पुढे वाकवून पाठीमागून बघा, एका बाजूच्या बरगड्या वर दिसल्या तर स्कोलिओसिसची (पाठीचा कणा बाजूला वाकण्याची) तपासणी करून घ्या.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे! अ‍ॅपचं कोडं सुटलं, आज गुडघ्यांवर बसवून करून पाहिलं तर आकडा मस्त हलतोय. एकच शंका, मी एकटीने मोबाईल पाठीवर धरून त्याच वेळी बूडही कसं बघू? इलॅस्टिकच्या पट्ट्याने बांधला तर चालेल का?

प्रतिसाद १

पट्टा नको, टी-शर्टवरून सरकतो. मोबाईल तुम्ही धरा, आणि बुडावर लक्ष ठेवायला एका मोठ्या मुलाला बसवा. एकमेकांच्या चुका पकडण्यात पोरं आपल्यापेक्षा कडक असतात.