गाओकाओ म्हणजे चीनमधल्या विद्यापीठ प्रवेशपरीक्षेचा इंग्रजी पेपर, घरमालकिणीची मुलगी आणि १५० पैकी १०८. जाणकारांनी मदत करा

केचाओकर:

नमस्कार मंडळी, मी चीनमध्ये शाओशिंगजवळ केचाओला असतो, कापडाचं सोर्सिंग करतो, सहा वर्षं झाली. आमच्या घरमालकीणबाईंची मुलगी यंदा गाओ सानला म्हणजे सीनियर हायस्कूलच्या तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाला आहे. झेज्यांग प्रांतात इंग्रजीचा पेपर दोनदा देता येतो, जानेवारीत एकदा आणि जूनमध्ये एकदा, आणि दोन्हीपैकी जास्त मार्क असतील ते धरतात. तर जानेवारीतच काय ते करून टाकू म्हणजे पुढचे पाच महिने बाकीच्या विषयांना मोकळे, असं त्यांचं चाललंय. मालकीणबाई (इथे मावशीला आयी म्हणतात, मी पण आयीच म्हणतो) एक दिवस वर आल्या आणि म्हणाल्या तू दिवसभर फोनवर इंग्रजी बोलतोस, माझ्या मुलीला जरा बघ. मी लगेच हो म्हटलं, कारण कोविडच्या वेळी या बाईंनी माझ्यासाठी काय काय केलंय ते माझं मला माहिती.

मुलगी शाळेतच राहते, शनिवारी रात्री घरी येते, म्हणजे मला रविवारचे दोन तास मिळतात. शाळेतल्या शेवटच्या सराव पेपरला १५० पैकी १०८ आले. ऐकण्याच्या भागात ३० पैकी २४, उताऱ्यांना ५० पैकी ४०, रिकाम्या जागांमध्ये क्लोझला (उताऱ्यातल्या जागा चार पर्यायांतून भरायच्या) १५ पैकी १० आणि व्याकरणाला १५ पैकी १२, पत्राला १५ पैकी १०, आणि गोष्ट पुढे लिहायची असते त्याला २५ पैकी फक्त १२. व्याकरण तिला माझ्यापेक्षा जास्त येतं हे पहिल्याच रविवारी कळलं, ती विचारते इथे हे रूप का आणि मला फक्त एवढंच माहिती असतं की कानाला तेच बरोबर वाटतं. मी स्वतः क्लोझ सोडवलं तर १५ पैकी ४ चुकले.

दुसरं म्हणजे तिने सजवलेली वाक्यं पाठ केलीत, वहीच्या वही भरलीय, तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे अश्रू ओघळले वगैरे, आणि प्रत्येक गोष्टीत ती कुठेतरी ते वाक्य घालतेच. मी तिला काय शिकवू? बोलायला शिकवू का? सिनेमे दाखवू का? मनापासून विचारतोय, पोरगी फार कष्टाळू आहे आणि मला तिचं नुकसान करायचं नाहीये.

वुहानवाली ताई:

दादा आधी एक सांगते, सिनेमे आणि गप्पा आत्ता नको. चांगल्याच गोष्टी आहेत पण त्याला वर्षं लागतात, तुमच्याकडे आठवडे आहेत. मी तीन वर्षं वुहानमधल्या एका सीनियर हायस्कूलमध्ये इंग्रजीचे तास घेतले आणि माझी सुरुवातीची मोठी चूक हीच होती की मला वाटलं मुलांना इंग्रजी येत नाही, आपण शिकवू. मुलांना येत होतं. अभ्यासक्रमाच्या यादीत साधारण ३००० शब्द आहेत आणि ते घोटून घोटून त्यांच्या पुस्तकाची पहिली पानं काळी झालेली असतात, ए पासून सुरू होतं म्हणून अबॅन्डन हा शब्द तिथल्या झोपेतल्या मुलाला पण येतो. अडतं ते पेपर वाचताना.

तुमचे चार चुकले ना, ते कुठले ते बघा. आपल्यासारख्या इंग्रजी वापरणाऱ्या माणसाला चारपैकी दोन-तीन पर्याय कानाला बरे वाटतात आणि आपण पटकन टिक करून पुढे जातो. पण त्या जागेचं उत्तर बहुतेक वेळा त्या वाक्यात नसतंच, चार वाक्यं पुढे असतं. समजा मुलगा पत्र वाचून काय झाला याला पर्याय आहेत सरप्राइज्ड, टायर्ड, गिल्टी, प्राउड. त्या वाक्यात चारही बसतात. पुढच्या परिच्छेदात तो परत जाऊन म्हातारीची माफी मागतो, मग गिल्टीच. म्हणून आधी एकही जागा न भरता सगळा उतारा वाचून काढायचा, दोन-तीन मिनिटं जातात पण ती वसूल होतात. आणि प्रत्येक उत्तराखाली तिला पेन्सिलने ते दुसरं वाक्य दाखवायला लावा जिथून उत्तर आलं. दाखवता आलं नाही तर बरोबर असलं तरी चूक धरायचं. सातातून पाच निवडायची जी वाक्यं असतात (ती पोरं त्याला ची श्युआन वू म्हणतात) तिथेही हेच, रिकाम्या जागेच्या पुढच्या वाक्यात दिस, दे, हाउएव्हर असं काही आहे का ते बघायचं, ते कशाला चिकटतंय ते शोधायचं.

ऐकण्याच्या भागाबद्दल, तुम्ही स्वतः वाचून दाखवू नका, आपले उच्चार वेगळे पडतात. मागच्या वर्षांचं ऑडिओ सहज मिळतं. पहिले पाच छोटे संवाद एकदाच वाजतात, पुढचे दोनदा, त्यामुळे मार्क जातात ते बहुतेक पहिल्या पाचात आणि तेही प्रश्न आधी वाचून न ठेवल्यामुळे. पेपरच्या सुरुवातीला नमुन्याचा प्रश्न असतो बघा, शर्टाची किंमत किती, उत्तर नऊ पौंड पंधरा पेन्स. वर्षानुवर्षं तोच आहे, सगळ्या चीनला पाठ आहे. तो नमुना चालू असताना तो ऐकायचाच नाही, तेवढ्या वेळात पुढचे पर्याय वाचून घ्यायचे.

सराव २०२१ पासूनच्या नव्या पॅटर्नच्या राष्ट्रीय पेपरवरच करा. त्याआधीच्यात क्लोझला वीस जागा, कुठे चुका दुरुस्त करायचा वेगळा प्रश्न, वेळेचा अंदाजच चुकतो.

दुभाषी:

ताईंचं पटलं. मी थोडं भाषेबद्दल लिहितो कारण मी चिनी-मराठी-इंग्रजी तिन्हींत रोज काम करतो आणि मला वाटतं मराठी माणूस इथे खरंच कामाला येऊ शकतो.

तिच्या वहीत ऑल्दो ने सुरू झालेलं वाक्य शोधा, नव्वद टक्के वेळा मधे बट सापडेल. कारण चिनीत स्वेइरान म्हटलं की पुढे तानशी यावंच लागतं. आता आपलं बघा, जरी म्हटलं की तरी आलंच! आपली पोरं पण शाळेत हीच चूक करतात. तर तिला हे रागावून नाही, आमच्याकडे पण असंच आहे म्हणून सांगा, मी सांगून बघितलंय, पोरांचा चेहराच बदलतो.

तसंच लांब वाक्यांचं. काल बाजारात भेटलेला माणूस असं आपण म्हणतो, सगळी माहिती आधी आणि माणूस शेवटी, चिनीतही तसंच. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि मग हू ने शेपूट सुरू होतं. उताऱ्यातल्या शेवटच्या म्हणजे डी नंबरच्या उताऱ्यात अशी तीन-तीन ओळींची वाक्यं असतात आणि मुलं तिथे हरवतात. तुम्ही ते वाक्य मनात मराठी करताना काय उलटंपालटं करता तेच तिला कागदावर करून दाखवा, कर्ता कुठला, खरं क्रियापद कुठलं, बाकीचं कंसात टाक. ज्याची इंग्रजी जन्मापासूनची आहे त्याला हे करून दाखवता येणार नाही, त्याला दिसतच नाही.

आणि लिहिताना दोन गोष्टी नक्की तपासायच्या. इंग्रजीतले ही (तो) आणि शी (ती), कारण बोलताना चिनीत दोघांनाही था च, लिहायला अक्षर वेगळं पण कानाला एकच. आणि काळ. चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, काल आणि उद्या हे शब्दच काम करतात, म्हणून चांगली लिहिणारी मुलगी पण भूतकाळात चाललेल्या गोष्टीत तिसऱ्याच वाक्यात वर्तमानात घसरते. लिहून झालं की शेवटची तीन मिनिटं फक्त क्रियापदांवर बोट ठेवत जायचं, अर्थ वाचायचाच नाही.

केचाओकर:

जरी-तरी वाचून उठूनच बसलो. वही काढून बघितली, एका पानावर तीन ऑल्दो, तिन्हींपुढे बट! पण दुभाषी दादा, माझी खरी काळजी ती गोष्टीची आहे, २५ पैकी १२. ते कसं सुधरवायचं कुणी सांगेल का?

निंगबोची सून:

मी सांगते, माझ्या नणंदेची मुलगी मागच्या वर्षी यातूनच गेली आणि आम्ही दोघींनी मिळून जवळपास चाळीस गोष्टी लिहिल्या असतील. (हा प्रश्न मुळात पहिल्यांदा झेज्यांगमध्येच २०१६ ला आला, मग बाकीकडे गेला, त्यामुळे इथल्या शाळांकडे साहित्य खूप आहे, त्यातलं बरंच पाठांतराचं.)

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, एक गोष्ट देतात अर्ध्यावर सोडलेली, आणि पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्यं देतात. आपण साधारण १५० शब्दांत ते दोन्ही परिच्छेद पुरे करायचे. पाठ केलेली वाक्यं इथेच घात करतात, कारण तपासणाऱ्याला बघायचं असतं की तुम्ही दिलेली गोष्ट वाचली का. अश्रूंचे मणी कुठल्याही गोष्टीत चालतात, म्हणजेच ते या गोष्टीचे नाहीत.

उदाहरण देते, आमच्या सरावातलं, आम्हीच रचलेलं. एक मुलगी वडिलांची जुनी सायकल घेऊन पहिल्यांदा डोंगरातल्या आजीकडे एकटी निघते. निघताना सायकल दुरुस्तीवाला म्हातारा म्हणतो घंटी मोडलीय, बदलू का, ती म्हणते नको, बाबांची आहे. वाटेत धुकं येतं, साखळी पडते, फोनला रेंज नाही. इथे गोष्ट थांबते. पहिल्या परिच्छेदाचं दिलेलं वाक्य, तिला धुक्यात कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला. दुसऱ्याचं, आजीच्या दारात पोचली तेव्हा अंधार पडला होता.

भाचीने पहिल्यांदा काय लिहिलं, तर पाऊस सुरू झाला, हृदय सशासारखं धडधडलं, अश्रू, एक दयाळू पोलीस आला, त्याने घरी सोडलं, आणि शेवटी मला कळलं की धैर्य हीच खरी संपत्ती. एकही व्याकरणाची चूक नाही बरं का. पण घंटी गेली कुठे? म्हातारा गेला कुठे? मी तिला म्हटलं गोष्टीत जे सामान ठेवलंय ते सगळं एका बाजूला लिहून काढ. सायकल, घंटी, म्हातारा, बाबा, साखळी, आजी. आता यातलंच वापरायचं, नवीन माणूस आणायचा नाही.

दुसऱ्यांदा तिने लिहिलं की पावलं ऐकून मुलीने ओरडून बघितलं, धुक्यात आवाज विरला, मग तिने घंटीवर हात मारला, ती नीट वाजलीच नाही, नुसता खर्र खर्र आवाज आला, आणि त्या खर्र आवाजावरूनच म्हाताऱ्याने ओळखलं, कारण तो आवाज त्याने सकाळीच ऐकला होता आणि धुकं बघून तो तिच्या मागोमाग निघाला होता. दुसऱ्या परिच्छेदात आजी दार उघडते ते खर्र ऐकूनच, म्हणते तुझा बाप पण अशीच वाजवायचा. बस. शब्द साधेच सगळे, आठवी-नववीचे. मी आणि नणंद दोघी वाचून गप्प बसलो होतो.

म्हणून रविवारी तिच्याकडून अख्खी गोष्ट लिहून घेऊ नका दर वेळी, त्यात पाऊण तास जातो. तीन गोष्टी वाचा आणि फक्त सामानाची यादी आणि पुढे काय होईल ते चिनीत नाहीतर मोडक्या इंग्रजीत बोलून घ्या. एकच लिहायची. दुसऱ्या परिच्छेदाचं दिलेलं वाक्य आधी वाचायचं, कारण पहिला परिच्छेद तिथेच जाऊन पोचला पाहिजे, हे मुलं हमखास विसरतात.

पत्राचं सोपं आहे, तिथे बहुतेक वेळा ली ह्वा नावाने लिहायचं असतं, ८० शब्द, प्रश्नात जे मुद्दे दिलेत तेवढे सगळे आले पाहिजेत, तिथे हवं तर ठरलेली वाक्यं चालतात. १० चे १२ व्हायला दोन रविवार पुरे.

वुहानवाली ताई:

सूनबाईंनी फार छान सांगितलं. फक्त अक्षराचं राहिलं. उत्तरपत्रिका स्कॅन होते, दोन शिक्षक वेगवेगळे कॉम्प्युटरवर तपासतात, फार फरक पडला तर तिसरा बघतो. प्रत्येकाला खूप पेपर उरकायचे असतात. म्हणून ती गोल, छापल्यासारखी, सुटी सुटी अक्षरं काढायला लावतात शाळेत, त्याला हसू नका, तिला ते करू दे. काळं जेल पेन, खाडाखोड असेल तर एक सरळ रेघ, आणि चौकटीबाहेर एक शब्दही नाही कारण बाहेरचं स्कॅनमध्ये दिसत नाही. स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन याची चिंता नको, दोन्ही चालतं.

आणि एकूण वेळ १२० मिनिटं, त्यातली वीसेक ऐकण्यात जातात. गोष्टीसाठी शेवटी निदान ३५ मिनिटं हातात राहिली पाहिजेत, तिला विचारा किती राहतात. मला शंका आहे की १२ मार्कांचं निम्मं कारण तेच असेल.

दुभाषी:

आणि जानेवारीत कमी पडले तर जून आहे, हे फक्त मुलीलाच नाही, आयींना पण सांगा. जूनमध्ये ८ तारखेला दुपारी ३ ला पेपर असतो, पावणेतीननंतर आत सोडत नाहीत, ऐकण्याचा भाग पहिलाच असतो म्हणून. त्या वेळी केंद्राच्या आसपास हॉर्न बंद, बांधकाम बंद. २०२४ ला १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं, पण घरात प्रत्येक आईला एकच दिसत असतं. आयींच्या मनावरचं ओझं पण थोडं तुम्हीच उचला.

केचाओकर:

कालचा रविवार झाला, तुमचं सगळं वाचून गेलो होतो. वेळेबद्दल विचारलं तर ताईंचं बरोबर निघालं, तिच्या हातात गोष्टीला १८ मिनिटं राहतात, कारण उताऱ्यांत प्रत्येक अनोळखी शब्दापाशी थांबते. आता घड्याळ लावून उतारे करतोय. जरी-तरी सांगितलं तेव्हा ती खूप हसली आणि मला म्हणाली मराठीत लिहून दाखवा, मग वहीच्या कव्हरवर देवनागरीत स्वतः लिहून घेतलं, अक्षर माझ्यापेक्षा बरं आलं.

सामानाची यादी केली. गोष्टीत एक तुटकी छत्री होती, पहिल्या वाक्यात एकदाच आलेली, मला दिसलीच नव्हती. तिने शोधली. मग वीस मिनिटं काही बोलली नाही, लिहीत बसली, आयी दोनदा फळं कापून घेऊन आल्या आणि दारातूनच परत गेल्या. लिहून झाल्यावर मी फक्त क्रियापदांवर बोट ठेवत गेलो, दोन चुकली होती. अश्रू एकदाही आले नव्हते. पुढच्या रविवारी दुसरी घेतो, कळवतो.