सराव पाठात ऑनलाइन साधनं: मुलांसाठी की निरीक्षकांसाठी?

छात्राध्यापिका, विज्ञान-गणित
बी.एड.चं दुसरं वर्ष, आंतरवासिता (शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव) सुरू आहे. आठवीचा वर्ग, मुलं चाळिशीच्या घरात. प्रोजेक्टर ऑफिसातून मागून आणायचा आणि नेट माझ्याच मोबाइलचं. पुढचे पाठ धाराविद्युतवर आहेत. बरीच ऑनलाइन साधनं चाळून मी दोनच ठेवली आहेत.

पहिलं फेट. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाची ही मोफत सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळायचे प्रयोग, नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली. दुसरं प्लिकर्स. यात प्रत्येक मुलाच्या हातात छापील कार्ड असतं, उत्तराप्रमाणे ते फिरवून वर धरायचं आणि मी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की सगळ्यांची उत्तरं टिपली जातात. मुलांकडे मोबाइल लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच की जे फळ्यावर दाखवता येत नाही तिथे ही साधनं हवीतच. मुलांना ठाम वाटतं की दिव्यातून गेल्यावर करंट थोडा ‘खर्च’ होतो. ‘एकसर जोडणीत (एकामागे एक जोडलेल्या दिव्यांत) धारा (करंट) सगळीकडे समान’ हे वाक्य पाठ होतं, पटत नाही. फेटमध्ये दिव्याच्या अलीकडे-पलीकडे अमीटर (करंट मोजणारं यंत्र) लावला की दोन्हीकडे तोच आकडा दिसतो. यावर कुणाचा आक्षेप आहे का?

खडूवाले गुरुजी
आहे. पडद्यावरचा आकडा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने घातलेला असतो. पुस्तकातलं वाक्य ऐकीव, तसा हाही ऐकीवच, फक्त रंगीत. मुलांना टॉर्चचा बल्ब, दोन सेल आणि तारेचे तुकडे द्या. एक तार बल्बच्या बुडाला आणि दुसरी बाजूच्या धातूला टेकवायची, हे कळेपर्यंत अर्धी तासिका जाते. बल्ब लागत नाही, पोरं एकमेकांवर खेकसतात, मग कुणाच्या तरी लक्षात येतं की तारेचं प्लास्टिक सोललेलंच नाही. तोच धडा असतो, ताई. तुमच्या पडद्यावर तार जवळ नेली की आपोआप चिकटते.

आणि प्लिकर्स कशाला? पाटी आहे ना. ‘उत्तर लिहा, पाट्या वर!’

मागचा बाक
इथे एवढी तात्त्विक चर्चा चाललीय, पण आमच्या कॉलेजात निरीक्षक पहिली दहा मिनिटं बसतात. हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं) झालं की लगेच क्विझ टाका, ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर’ असा शेरा पक्का. बाकी सगळं मनाचं समाधान.

प्रयोगशाळेची किल्ली
गुरुजी, बल्बचं शंभर टक्के मान्य. पण अमीटरचं काय? आमच्या कपाटातल्या अमीटरचे काटे शून्यावर येऊन थांबतील तर शपथ. मी दिव्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लावला. आकडे वेगळे आले आणि अख्खा वर्ग ओरडला, ‘बघा मॅडम, करंट कमी झाला!’ आता बोला. अशा वेळी फेट हवंच.

खडूवाले गुरुजी
@प्रयोगशाळेची किल्ली, मग दोन्ही अमीटरची अदलाबदल करायची. कमी आकडा अमीटरबरोबर पलीकडून अलीकडे आला, तर दोष करंटचा की अमीटरचा, ते पोरं स्वतः सांगतील. बिघडलेल्या अमीटरवर याहून चांगला पाठ होणार नाही. तुम्ही कपाट बंद करून प्रोजेक्टर लावला, इथेच माझं भांडण आहे.

प्रयोगशाळेची किल्ली
हे मात्र जबरदस्त. तरी चाळीस मुलांत दोन अमीटर म्हणजे पुढच्या दोन बाकांचा प्रयोग. मागच्यांना काटाही दिसत नाही.

एक पालक, पुणे
विषय थोडा बाजूला जातोय, पण राहवत नाही. माझ्या मुलीच्या वर्गात कहूट ही ऑनलाइन क्विझ खेळतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यात लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण. ती विचार करून उत्तर देते, बरोबर देते आणि तळाला राहते. आता ‘मला गणित येत नाही’ म्हणते. दुसरं म्हणजे अशा ठिकाणी मुलांची पूर्ण नावं आणि ईमेल बिनदिक्कत भरले जातात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही.

छात्राध्यापिका, विज्ञान-गणित
म्हणूनच कहूट गाळलं, शिवाय त्याला मुलांच्या हातात यंत्रं लागतात. प्लिकर्समध्ये मी नावांऐवजी हजेरी क्रमांकच घालणार आहे.

गुरुजी, पाटीबद्दल. पाट्या वर म्हटलं की निम्मी मुलं आधी हुशार मुलाची पाटी बघतात. प्लिकर्सचं प्रत्येक कार्ड वेगळं, अक्षरं बारीक, शेजाऱ्याला काही कळत नाही.

खडूवाले गुरुजी
पण चूक कशी झाली ते तुम्हालाही कळत नाही. पाटीवर १/२ + १/३ = २/५ दिसलं की मला समजतं, याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. ‘क’ पर्यायातून काय समजणार?

छात्राध्यापिका, विज्ञान-गणित
२/५ हाच ‘क’ पर्याय ठेवला तर समजेल. चुकीचे पर्याय मुलांच्या वह्यांतूनच उचलायचे.

खडूवाले गुरुजी
म्हणजे आधी वह्या तपासायच्या. मग एवढं कळल्यावर कार्डं कशाला फिरवायची? आणि जी चूक तुम्हाला सुचलीच नाही, ती पाटीवर येते, पर्यायात येत नाही.

लाल मातीतला मास्तर
आमच्याकडे पावसाळ्यात लाइट गेली की रेंजही जाते, त्यामुळे ‘ऑनलाइन’ शब्दच काढून टाका. फेटची नवी सिम्युलेशन घरी डाउनलोड करून न्या, लॅपटॉपवर नेटशिवाय चालतात. बॅटरी भरलेली ठेवा म्हणजे झालं.

छात्राध्यापिका, विज्ञान-गणित
ठरलं ते असं. पहिली तासिका बल्ब आणि सेल, गटांत. दुसरीत अमीटरची अदलाबदल, फेट त्यानंतर. शॉर्ट सर्किट मात्र पडद्यावरच, तिथे बॅटरीतून ज्वाळा निघतात.

खडूवाले गुरुजी
ते पडद्यावरच करा, त्याला माझी ना नाही. प्लिकर्सचं अजून पटलेलं नाही. त्या तासाला मागच्या बाकांवर पाट्याही ठेवा आणि दोन्हीकडे किती चुका सापडल्या ते इथे लिहा.